घरचा केगरेटर, बाजारचा केग

घरी बिअर बनवणाऱ्यांचा केगरेटर म्हणजे नळ बसवलेला फ्रिज. त्यातल्या साधारण १९ लिटरच्या पिंपाला गॅस आत जायला एक आणि बिअर बाहेर यायला दुसरे तोंड असते. कंपनीच्या ३० किंवा ५० लिटरच्या केगला मात्र वर मधोमध एकच तोंड. त्यावर ‘कपलर’ बसवावा लागतो. कपलरचे प्रकार अनेक, म्हणून केगचे तोंड पाहूनच घ्यावा. फ्रिजची आतली उंचीही मोजावी.

तापमान ३-४ अंश, दाब १०-१२ पीएसआय ठेवावा. कलबुर्गीच्या उन्हातून आणलेला केग दिवसभर थंड होऊ द्यावा, नाहीतर नळातून नुसता फेस येतो. गॅसचे सिलिंडर उभे बांधावे, खोली हवेशीर असावी.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट. उदगीर १९५६पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते. आज तिथल्या सोयऱ्यांच्या कार्याला केग नेणे म्हणजे राज्याची सीमा ओलांडणे, आणि परवान्याशिवाय ते गुन्हा ठरते. घरातल्या साठ्यालाही मर्यादा आहे. तेव्हा कपलर घेण्याआधी अबकारी कार्यालयात चौकशी करावी.