दरपत्रकात न दिसणारा माणूस

सांगोला तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याला पोटाच्या दुखण्यासाठी ‘दुर्बिणीने तपासणी’ करण्यास सांगितले, की घरात पहिला प्रश्न निघतो तो खर्चाचा. पंढरपूर, सोलापूर की मिरज, आणि कोठे किती पडतील? अवर्षणग्रस्त तालुक्यात हा प्रश्न अटळच आहे. परंतु त्या पैशात नेमके काय मिळते, हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे रुजलेली नाही.

बेसिल हिर्शोविट्झ यांनी १९५७ साली काचतंतूंची लवचीक नळी जठरात उतरवली, तेव्हापासून हे तंत्र पुष्कळच सुधारले आहे. निदानापुरत्या तपासणीत अन्ननलिकेस वा जठरास छिद्र पडणे, रक्तस्राव होणे हे प्रकार विरळाच. अधिक घात होतो तो गुंगीच्या औषधाने श्वास मंदावल्यामुळे, किंवा पोटातील द्रव फुप्फुसात गेल्यामुळे. इंग्लंडमधील दोन विभागांच्या पाहणीत (१९९५) तपासणीनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे २,००० मध्ये १ आढळले. वृद्ध आणि आधीच खंगलेल्या रुग्णांना हा धोका अधिक.

वस्तुतः यावरचे उपाय साधे आहेत. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर, प्राणवायूचे सिलिंडर, शोषणयंत्र, मिडाझोलमवर उतारा म्हणून फ्लुमाझेनिल. आणि मुख्य म्हणजे दुर्बीण हाताळणाऱ्याखेरीज केवळ रुग्णाच्या श्वासावर नजर ठेवणारा दुसरा जाणता माणूस. यंत्रे एकदाच घ्यावी लागतात, या माणसाचा पगार मात्र दरमहा द्यावा लागतो. शंभर तपासण्या सुरळीत पार पडल्या, की तो रिकामाच बसला असे वाटू लागते. वैद्यकीय सेवेत विकणाऱ्यास जे ठाऊक असते ते घेणाऱ्यास नसते, हे केनेथ ॲरो यांनी १९६३ सालीच मांडले. गुंगीतला रुग्ण ही तर त्याची पराकाष्ठा! डाळिंबाची पेटी उघडून पाहता येते. ही खोली नाही. म्हणून दरांची चढाओढ लागली, की पहिली काट याच माणसावर पडण्याचा संभव असतो. त्याबद्दल केवळ डॉक्टरांना दूषणे देणे सोपे आहे, पण त्याने काही साधत नाही.

सांगोल्याच्या रुग्णापुढे अंतराचाही प्रश्न आहे. सोलापूर सुमारे ८० किलोमीटर. सकाळी उपाशीपोटी निघायचे आणि संध्याकाळच्या एसटीने परतायचे, असा बेत असतो. गुंगी पुरती उतरलेली नसते. छिद्र पडलेच असेल, तर वाढत जाणारी कळ, ताप, धाप ही लक्षणे कित्येकदा काही तासांनी, गावी पोचल्यावर दिसू लागतात. तेव्हा ‘गॅस धरला’ म्हणून ओवा देण्यात रात्र जाते. कोणत्या लक्षणांवर तत्काळ परतावे आणि कोणाला दूरध्वनी करावा, हे चिठ्ठीवर लिहून देण्यास कितीसा खर्च येतो?

संमती माहितीवर आधारलेली असावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केले. इंग्रजी छापील अर्जावर सोबत आलेल्या पुतण्याची सही घेऊन ती अट पुरी होत नाही. महाराष्ट्रात शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा १९४९ पासून आहे. त्याखालील २०२१ च्या सुधारित नियमांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावणे बंधनकारक केले, हे योग्यच झाले. आता त्याच दरपत्रकात दुर्बिणीच्या दराखाली गुंगी कोण देणार, श्वासावर नजर कोण ठेवणार आणि तपासणीनंतर किती तास थांबवून घेणार, हेही मराठीत छापले जावे. सोलापूरच्या शासकीय रुग्णालयाने आपल्या भिंतीवर असा तक्ता लावला, तर खासगी रुग्णालयांना तो टाळणे जड जाईल.