दोन सह्यांचे विमान

सिल्लोडला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि शेतीची अवजारे बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये मी अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचे दोन तुकडे घेऊन गेलो होतो. पत्रा अर्धा मिलिमीटर जाडीचा, टिचकी मारली की वाजणारा. कारागिराने तो बोटांत धरून जरा वाकवून पाहिला आणि म्हणाला, ‘‘भाऊ, याला वेल्डिंग कसं मारणार? भोक पडंल.’’ मी म्हणालो, ‘‘वेल्डिंग मारायचंच नाही. विमानाचा पत्रा असा असतो.’’ त्याने हातातला होल्डर खाली ठेवला आणि पुढचा तासभर आम्ही त्या दोन तुकड्यांवरच होतो. तालुक्याच्या गावातल्या दहा-बारा जणांनी मिळून दोन आसनी विमान बांधायचे ठरवले, तर काम नेमके कसे चालेल, हे त्या तासाभरात मला जितके कळले तितके आधी वाचून कळले नव्हते.

किट विमान म्हणजे सुट्या भागांत येणारे विमान. कंपनी पत्रे कापून, वाकवून, भोके पाडून पेटीत भरते. सोबत नकाशे आणि पायरीपायरीने लिहिलेले पुस्तक असते. जोडणी विकत घेणाऱ्याने करायची. अमेरिकेत रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांची व्हॅन्स एअरक्राफ्ट १९७३पासून अशी किट बनवते आणि तिची आरव्ही विमाने जगभर हजारोंच्या संख्येने उडत आहेत. ख्रिस हाइन्ट्झ यांचे झेनएअर सीएच ७०१ तर आपल्या एनसीसीच्या हवाई शाखेतल्या छात्रांनीही वापरलेले आहे. हौशी बांधणीच्या विमानासाठी अमेरिकेचा नियम सोपा आहे: निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी स्वतः, शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी केलेले असले पाहिजे.

गटाने बांधण्याची उदाहरणेही कमी नाहीत. २०१९मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या २० शाळकरी मुलामुलींनी स्लिंग ४ जातीचे चार आसनी विमान जोडले आणि त्यांच्यातलेच परवानाधारक ते केपटाऊनहून कैरोपर्यंत घेऊन गेले. अमेरिकेतल्या ऑशकॉशच्या विमानमेळ्यात २०१४ साली येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातून एकेक रिव्हेट मारून घेत सात दिवसांत एक अख्खे विमान उभे राहिले. सात दिवस वाचून कोणी हुरळून जाऊ नये. तिथे अनुभवी माणसांची फौज दिवसरात्र राबत होती. शनिवार-रविवार काम करणाऱ्या गटाला दोन-तीन वर्षे धरावी लागतात.

महाराष्ट्रातली सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट मात्र किटची नाही, त्याहून अवघड आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान स्वतःच्या आराखड्याने बांधले. फेब्रुवारी २०१६मध्ये मेक इन इंडिया सप्ताहात वांद्रे-कुर्ला संकुलात ते लोकांनी पाहिले. नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७मध्ये आणि धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडाले २०२०च्या ऑगस्टमध्ये. विमान तयार झाल्यापासून उडेपर्यंत चार वर्षांहून जास्त काळ गेला, ही गोष्ट आपल्या गटाने पहिल्याच बैठकीत फळ्यावर लिहून ठेवावी. म्हणून किटची रक्कम भरण्याआधी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाशी, म्हणजे डीजीसीएशी, पत्रव्यवहार सुरू करायचा. कोणत्या प्रकारात नोंद होईल, तपासणी कोण करील, कोणत्या टप्प्यावर करील, उड्डाणाची परवानगी कशी मिळेल, सगळे लेखी हवे. पत्रा एकदा रिव्हेट झाला की आतले काम कोणालाच दाखवता येत नाही.

आणि दुसरी गोष्टही त्या फळ्यावर असावी. ऑगस्ट २०२१मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत पत्र्याचे काम करणाऱ्या एका तरुणाने स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेतली. पाते तुटले आणि त्यात त्याचा जीव गेला. वय अवघे २४. त्याच्या हातात कसब होते, ध्यास होता. त्याच्याजवळ नव्हता तो ‘थांब, हे मला पुन्हा दाखव’ म्हणणारा जाणता माणूस. बातमी वाचली तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती. गट कशासाठी हवा, या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळाले. वर्गणी वाटून घ्यायला गट लागतोच, भिशीसारखा महिन्याचा हप्ता ठरवता येतो. पण खरा उपयोग दुसऱ्या नजरेचा. एकाने केलेले काम दुसऱ्याने तपासायचे आणि वहीत दोघांच्या सह्या व्हायच्या. केले त्याची एक, पाहिले त्याची एक. दुसरी सही नसेल तर पुढचे पान उलटायचे नाही, मग तो दिवस दसऱ्याचा का असेना.

आता पुन्हा त्या दोन पत्र्यांकडे येऊ. वेल्डिंग का नाही? विमानात वापरतात ते अ‍ॅल्युमिनियम, ६०६१-टी६ किंवा २०२४-टी३, उष्णतेची प्रक्रिया देऊन कणखर केलेले असते. त्याला वेल्डिंगचा ताव लागला की जोडाभोवतीचा पत्रा पुन्हा मऊ पडतो. म्हणून रिव्हेट. आधी भोक. ३.२ मिलिमीटरचा रिव्हेट असेल तर भोकाचा मध्य पत्र्याच्या काठापासून निदान दुप्पट, म्हणजे ६.४ मिलिमीटर आत हवा. काठाला जवळ गेले की जोर आल्यावर पत्रा फाटतो, जसे कापडाच्या अगदी कडेला मारलेले बटण कापडासकट निघते. दोन्ही पत्रे एकमेकांवर ठेवून क्लिकोने धरायचे. क्लिको म्हणजे भोकात घालायची स्प्रिंगची छोटी चिमटी. शिंपी पक्की शिलाई मारण्याआधी कच्चा टाका घालतो, तेच काम. मापानुसार तिचा रंग वेगळा: २.४ मिलिमीटरची चंदेरी, ३.२ची तांबेरी. पंखाच्या पत्र्यावर शेकडो क्लिको उभ्या राहिल्या की ते साळिंदरासारखे दिसते.

भोके पक्क्या मापाची झाली की सगळे पुन्हा सुटे करायचे. नवखा इथेच कंटाळतो, आमचा कारागीरही कंटाळला. ‘‘बसलंय ना नीट, मारून टाकू की रिव्हेट.’’ मी पत्रे सोडवून त्याला मधली बाजू दाखवली. ड्रिलने निघालेला बारीक कीस दोन्ही पत्र्यांत अडकला होता आणि भोकाच्या कडेला बर, म्हणजे वर उठलेली धारदार कड, आली होती. कीस राहिला तर पत्रे घट्ट बसत नाहीत. बर राहिली तर तिथून तडा सुरू होतो. तार पुन्हापुन्हा वाकवली की एका जागी तुटते. उडताना पंखाचा पत्रा तासन्‌तास असाच थरथरत असतो आणि तो तुटायला जागा शोधतो. ती जागा म्हणजे न घासलेले भोक किंवा खिळ्याने ओढलेली रेघ. म्हणून पत्र्यावर खूण करायची ती मार्करने, खिळ्याने कधीच नाही. प्रत्येक भोकाची बर हलक्या हाताने काढायची, कडा गुळगुळीत करायच्या, पत्रे पुसायचे, सांगितलेल्या जागी प्रायमर मारायचा, मगच रिव्हेट. हाताने ओढायच्या रिव्हेटचा दांडा ‘टक्’ आवाज करून तुटतो. डोके पत्र्याला टेकले की नाही, ते पातळ गेज आत सरकवून पाहायचे. गेज सरकले तर तो रिव्हेट ड्रिलने काढून दुसरा. आमच्या बारा रिव्हेटांपैकी तीन काढावे लागले. त्यातल्या तिसऱ्याला कारागिराने स्वतःच गेज लावले आणि माझ्याकडे न पाहता तो काढला. दुसरी नजर त्याच्यात उगवलेली मी तिथे पाहिली.

पहिले काम म्हणून शेपटीचे उभे सुकाणू घ्यावे. हाइन्ट्झ यांच्या विमानांची किट बनवणारी झेनिथ कंपनी अमेरिकेत कार्यशाळा घेते, त्यात नवशिका दोन दिवसांत तेच बांधून घरी नेतो. भाग छोटा आहे, बिघडला तर पुन्हा मागवता येतो. त्यानंतर आडवी शेपटी, पंख, मग धड. पंखाच्या लांब कण्याला आधार देणारे टेबल सपाट असलेच पाहिजे. टेबल वाकडे तर पंख पिळलेला आणि पिळलेला पंख विमानाला आयुष्यभर एका बाजूला ओढतो. पाणसळ आणि ओळंबा लावून टेबल पाहायला गवंडीकाम जाणणारा माणूस गटात असला तर दोन दिवस वाचतात.

इंधनाच्या टाकीची परीक्षा मला सगळ्यात आवडते. सांधे विशिष्ट लुकणाने बंद केले की एका तोटीला लहान मुलांचा फुगा बांधायचा आणि दुसरीकडून हलकी हवा भरायची. मग साबणाचे पाणी सांध्यांवर लावून बुडबुडे शोधायचे, अगदी पंक्चरवाल्यासारखे. फुगा दोन कामे करतो. दाब वाढला तर टाकी फुगण्याआधी तो फुगतो, आणि दुसऱ्या दिवशी मलूल दिसला तर कुठेतरी गळते आहे. मात्र आपल्याकडच्या उन्हाळ्यात सकाळचा फुगा दुपारी आपोआप टम्म होतो. म्हणून रोज एकाच वेळेला पाहायचे.

इंजिन बहुधा रोटॅक्स ९१२चे येईल, ८० किंवा १०० अश्वशक्तीचे. त्याचे डोके पाण्याने थंड होते आणि सिलिंडर वाऱ्याने. ते मिनिटाला ५,८०० फेरे मारते, पण पंखा, म्हणजे प्रोपेलर, इतक्या वेगाने फिरला तर त्याची टोके ध्वनीच्या वेगाजवळ जाऊन पकड सोडतात. म्हणून १०० अश्वशक्तीच्या इंजिनात मध्ये २.४३ पट फेरे कमी करणारा गिअर असतो, पंख्याला सुमारे २,३९० फेरे मिळतात. या इंजिनाचे तेल वेगळ्या डब्यात राहते, म्हणून नुसती पट्टी बुडवून पातळी कळत नाही. इग्निशन बंद असल्याची दोघांनी खात्री करून पंखा हाताने ठरल्या दिशेने सावकाश फिरवत राहायचा. तेल डब्यात परतले की आतून गुडगुड आवाज येतो. तो आला की पट्टी पाहायची. पेट्रोलबाबत सावध असावे: रोटॅक्सने १० टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉलला मान्यता दिली आहे आणि आपल्या पंपांवर आता २० टक्क्यांचे मिश्रण मिळते. इंडियन ऑइलने २०२२पासून वडोदऱ्यात विमानाचे पेट्रोल बनवायला सुरुवात केली, त्याची सोय आधीच लावावी.

विमान उभे राहिले की वजन. हा हिशेब आपल्याकडच्या शेतकऱ्याला मुळीच नवा नाही. बैलगाडीत मागे जास्त माल भरला की गाडी उलाळते, दांडी वर उठते आणि जू बैलांच्या मानेवरून ओढले जाते. विमान मागे जड झाले तर नाक वर उचलते आणि वैमानिकाला ते खाली आणता येत नाही. त्यासाठी तिन्ही चाकांखाली वजनकाटे ठेवायचे. समजा नाकाच्या चाकावर ९० किलो आणि मागच्या दोन चाकांवर मिळून २६० किलो आले. पंख्याच्या पुढच्या टोकापासून नाकाचे चाक १ मीटरवर, मागची चाके २.४ मीटरवर. ९० गुणिले १ आणि २६० गुणिले २.४ यांची बेरीज ७१४. त्याला एकूण ३५० किलोंनी भागले की तोल २.०४ मीटरवर. आता दोन माणसे १५० किलो २.४ मीटरवर, पेट्रोल ५० किलो २.६ मीटरवर, सामान २० किलो ३.१ मीटरवर धरले तर बेरीज १,२६६, वजन ५७०, तोल २.२२ मीटर. नुसते बसून, पेट्रोल भरून आणि सामान ठेवून तोल १८ सेंटिमीटर मागे गेला. कंपनीने दिलेल्या दोन मर्यादांच्या आत तो प्रत्येक वेळी बसला पाहिजे. हा हिशेब दोघांनी वेगवेगळा करायचा आणि मग कागद जुळवायचे.

उड्डाण सिल्लोडच्या शेतातून नव्हे, रीतसर धावपट्टीवरूनच. आरव्ही-१२सारख्या विमानाचे पंख काही मिनिटांत निघतात, त्यामुळे ट्रॉलीवरून नेता येते. दिवस निवडायचा डिसेंबर-जानेवारीतला, सकाळचा. सिल्लोडच्याच जिल्ह्यातला चिकलठाणा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटरवर आहे. मे महिन्यात ४२ अंश तापमान असताना तिथली हवा इतकी विरळ होते, की विमानाला आपण जवळपास १,७०० मीटरवर, महाबळेश्वराहूनही उंच आहोत असे वाटते. पंखा कमी ओढतो, पंख कमी उचलतो, इंजिन कमी जोर देते, धावपट्टी जास्त लागते. बांधकामात काही कसर राहिली असेल तर ती अशा हवेत शोधू नये.

आधी जमिनीवर धावायचे, सुरुवातीला सावकाश, मग वेगाने. ब्रेक, सुकाणू, तापमान पाहायचे. मग पहिले उड्डाण, त्या जातीचे विमान उडवलेल्या अनुभवी वैमानिकाने, एकट्याने. ज्यांनी तीन वर्षे बर काढली त्यांना त्या दिवशी जागा नाही, आणि ते योग्यच आहे. गट कुंपणाशी उभा राहतो, अग्निशामक नळकांडी जवळ ठेवून, वैमानिक रेडिओवर सांगेल ते तापमान वहीत उतरवत. वीस मिनिटे विमानतळाच्या भोवतीच घिरट्या आणि उतरणे.

विमान थांबले, पंखा थांबला की लगेच कोणी हार घेऊन धावायचे नाही. इंजिनावरचे झाकण काढायचे. तेलाचा ओघळ आहे का, एक्झॉस्टची स्प्रिंग सैल झाली का, नटावर ओढलेली रंगाची रेघ सरळ आहे की हलली, एकाने टॉर्चने पाहायचे आणि दुसऱ्याने त्याच्यामागून पुन्हा पाहायचे. मग वहीत तारीख, वेळ आणि दोन सह्या.