मेल वीधीतल्या अक्का

पहाटे ५. करंदैतल्या घरी भात शिजत ठेवून अक्का नळावर जातात. घागरी भरता भरताच दिवसाच्या पहिल्या बातम्या कळतात: कोणाच्या सुनेला रात्री कळा सुरू झाल्या, रेशनच्या दुकानात साखर आली की नाही. मग मुलांचा डबा भरून, वडवार नदी ओलांडून त्या तंजावरच्या जुन्या पेठेत येतात. मेल वीधीत धुणीभांडी करणाऱ्या कोणत्याही अक्कांची सकाळ थोड्याफार फरकाने अशीच असते.

सकाळी ६. पहिलं घर रायरांचं. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी इथे राज्य स्थापलं, तेव्हापासून कावेरीच्या मुलखात रुजलेल्या मराठी घरांपैकी एक. अक्का हिरांच्या खराट्याने अंगण झाडतात, सडा घालतात, कोलम म्हणजे रांगोळी काढतात. मार्गळीत, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून, कोलम मोठा होतो आणि त्यावर भोपळ्याची फुलंही ठेवतात. हात चालू असतानाच दूधवाल्याशी, फुलवालीशी दोन शब्द होतात आणि गल्लीची खबरबात पुढे सरकते.

सकाळी ७:३०. मोरीत भांड्यांचा ढीग. अक्कांना कळू नये असं काही असलं की घरातली माणसं मराठीत बोलतात. पण याच घरात केस पिकलेल्या अक्कांना त्यातलं सगळं समजतं. मोडलेलं लग्न, धाकट्याची गेलेली नोकरी, भावाभावांतली वाटणी. यातलं काहीही त्या उंबऱ्याबाहेर नेत नाहीत. काय सांगायचं आणि काय पोटात ठेवायचं, याचा त्यांचा निवाडा पक्का असतो.

सकाळी ९. कॉफीची वेळ. काही घरांत अक्कांचा टंबलर अजून वेगळा ठेवतात. त्यांनी घासलेल्या ताटांत जेवायचं आणि त्यांनी ओठ लावलेला टंबलर मात्र बाजूला ठेवायचा, हा अन्याय आहे. आणि तो आपल्या मराठी घरांतही आहे.

सकाळी १०. पुढच्या घरात एकट्या आजी राहतात, मुलं चेन्नईला. आज आजींनी इडली तशीच ठेवली, पाय सुजलेत. अक्का उद्याच्या शुक्रवारसाठी समया चिंचेने घासतात आणि मग शेजारच्या घरी जाऊन आजींच्या तब्येतीचं सांगतात. दुपारपर्यंत कोणीतरी डॉक्टरांना आणतं, कोणीतरी मुलाला फोन लावतं. लोक याला चुगल्या म्हणतात. पण आजींची विचारपूस होते ती या बोलण्यामुळेच.

दुपारी २. जेवण उरकून मेडिकल कॉलेजच्या बाजूच्या नव्या वसाहतीतली दोन घरं. २०२१पासून साध्या टाउन बसमध्ये बायकांना तिकीट लागत नाही, त्यामुळे लांबची कामंही परवडतात. बसमध्ये गावाकडच्या बायका भेटतात. जूनमध्ये बोलण्याचा विषय एकच: मेट्टूर धरणाचं पाणी १२ तारखेला सुटणार का? सुटलं तर कुरुवै हंगामाच्या भाताची लावणी होईल आणि बहिणीला मजुरी मिळेल.

संध्याकाळी ६. परत करंदै. स्वतःच्या घरची भांडी, स्वतःचा केर.

रात्री ८. मालिका. २००६पासून तमिळनाडू सरकारने गरीब घरांना रंगीत टीव्ही मोफत वाटले आणि अशा कितीतरी घरांत संध्याकाळ मालिकांची झाली. या मालिकांत कामवाली बहुधा चहा आणून निघून जाते. इंग्लंडमध्ये ‘कोरोनेशन स्ट्रीट’ या मालिकेने तिला मधोमध उभं केलं. जीन अलेक्झांडर यांनी १९६४ ते १९८७ हिल्डा ऑग्डेन साकारली: केसांत कर्लर, डोक्याला रुमाल, गल्लीतल्या पबची साफसफाई आणि सगळ्यांच्या घरच्या गोष्टी तोंडपाठ. १९८७च्या नाताळच्या दिवशी तिचा निरोप अडीच कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. भोचक म्हणून हसले तेच प्रेक्षक तिच्यासाठी रडले, कारण तिच्याशिवाय ती गल्ली त्यांना कल्पनेतही दिसत नव्हती.

मेल वीधीही अक्कांशिवाय चालणार नाही. घरकामगारांसाठी तमिळनाडूत २००७पासून कल्याण मंडळ आहे. त्यात अक्कांची नोंदणी करून देणं, आठवड्याची सुट्टी पगारी ठेवणं आणि कॉफी सगळ्यांच्याच टंबलरमधून देणं हे घरमालकांच्या हातात आहे. ज्या बाईच्या भरवशावर आपण घराची किल्लीही सोपवतो आणि गुपितंही, तिला एवढं द्यायला आणखी वाट पाहण्याचं काहीच कारण नाही.