तैलरंगातला चेहरा (लेखांक ४) : छाया आधी, रंग नंतर

मागच्या आठवड्यात कोळशाने चेहऱ्याचं रेखांकन कॅनव्हासवर पक्कं केलं. आता रंगाची ट्यूब उघडायची, पण एकच : बर्न्ट अंबर. टर्पेंटाइनमध्ये तो पातळ करून छायेचे सगळे भाग एका छटेत भरायचे. डोळ्यांच्या खोबणी, नाकाची अंधारी बाजू, खालच्या ओठाखालचा खळगा, हनुवटीखालचा गळा. डोळे किलकिले करून बघितलं की हे भाग एकमेकांत मिसळून एक सलग आकार होतो. तो आकार नेमका उतरला की पापणी काढण्याआधीच माणूस ओळखू येतो. म्हणून मी नव्या विद्यार्थ्याला रंगाची घाई करू देत नाही.

बोनकोड्यात घरी कुणाला समोर बसवायचं तर पहिली अडचण उजेडाची. गावठाणात घरं खेटून उभी. खिडकीतून येतो तो समोरच्या भिंतीवरून परतलेला उजेड, आणि भिंत गुलाबी असेल तर गालही गुलाबी दिसतो. त्यात दारातून उजेड, वर ट्यूबलाइट. असा चहूकडून उजेड आला की छाया विरते, चेहरा सपाट होतो. ट्यूबलाइट बंद करा, दारावर पडदा ओढा, खिडकीचा खालचा भाग जाड कापडाने झाका, वरचा मात्र उघडा ठेवा; टर्पेंटाइनची वाफ बाहेर जायला हवी. खिडकी उत्तरेची मिळाली तर उत्तम. तिथून सहसा ऊन थेट येत नाही, त्यामुळे तासाभरात सावल्या जागा सोडत नाहीत.

छायेतून चेहरा कसा वर येतो ते बघायचं तर आंतोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांची चित्रं बघावीत. मूळ गोव्याचे त्रिंदाद मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि तिथेच त्यांनी शिकवलंही. त्यांनी रंगवलेल्या पत्नीच्या ‘फ्लोरा’ या व्यक्तिचित्राला १९२० साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पणजीत फुंदासांव ओरिएंतेमध्ये आहे. प्रत्यक्ष जाऊन बघा. छापील चित्रात गडद छटा काळ्या ठिक्कर होतात.

आपल्या गव्हाळ, सावळ्या कांतीसाठी ‘फ्लेश टिंट’ची तयार ट्यूब घेऊ नये. यलो ऑकर, बर्न्ट सिएना, पांढरा आणि चिमूटभर अल्ट्रामरीन एवढ्यात पुष्कळ होतं. सावळ्या कपाळावरची चकाकी म्हणजे उजळ कातडी नव्हे, ते खिडकीतल्या आभाळाचं प्रतिबिंब. म्हणून ती किंचित निळसर असते. तिथे नुसता पांढरा मिसळला तर चेहरा पीठ फासल्यासारखा भुरकट होतो. सावळा माणूस गोरा करून रंगवण्याची आपल्याकडची खोड मला मुळीच पटत नाही. समोरच्या माणसाचा तो अनादर आहे.

सुरुवात अंबरने करण्याचं आणखी एक कारण : त्यात मँगनीज असतं, त्यामुळे तो लवकर वाळतो. तैलरंगातलं जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. खालच्या थरात टर्पेंटाइन जास्त, वरच्या थरांत तेल वाढत जावं. उलट केलं तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा वाळत राहतो आणि पुढे तडे जातात.

तेल पुसलेली फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना तेल तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी घालून त्यात ती बुडवा. हा थर वाळला की पुढच्या आठवड्यात हाफटोन, म्हणजे उजेड आणि छाया यांच्या मधल्या छटा, सुरू करू.