पशुरोगांचे अर्थकारण
लेखांक पाचवा : बंद बाजाराचा भार कोणावर?

गेल्या लेखांकात आपण बुळकांडीच्या निर्मूलनाचा हिशेब पाहिला. १८८९ साली पुण्यास स्थापन होऊन पुढे मुक्तेश्वरच्या डोंगरात हलविलेली सरकारी प्रयोगशाळा, स्वातंत्र्यानंतर १९५४ पासून देशभर चाललेली लसीकरणाची मोहीम आणि अखेर २०११ साली हा रोग पृथ्वीतलावरून नाहीसा झाल्याची घोषणा, या दीर्घ उद्योगाचा निष्कर्ष असा की, लस हाती असेल तर प्रतिबंध हा उपचारापेक्षा व नुकसानीपेक्षा पुष्कळच स्वस्त पडतो. परंतु लस गोठ्यापर्यंत पोचून तिचा गुण येईतो रोगाला थोपवून धरावे लागते, आणि त्यासाठी जनावरांची ने-आण व त्यांचे बाजार बंद करावे लागतात. या बंदोबस्ताचा खर्च सरकारी अंदाजपत्रकात फारसा दिसत नाही. तो कोणाच्या पदरी पडतो, हा आजचा विषय.

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील जेऊर हे पुणे-सोलापूर लोहमार्गावरील स्टेशनाचे गाव. उजनीच्या जलाशयाने या टापूत ऊस वाढविला, आणि उसाच्या जोडीला दुधाचा धंदा आला. अशा मुलखात ऊस वर्षाकाठी पैसा देतो, तर किराणा, औषधपाणी आणि मुलांच्या शाळेचा खर्च बहुधा डेअरीकडून दर दहा दिवसांनी होणाऱ्या दुधाच्या पगारावर चालतो. या व्यवस्थेत दावणीची एक गाय आजारी पडणे म्हणजे घरातला एक कमावता माणूस बसणे होय.

लम्पी चर्मरोग भारतात प्रथम २०१९ साली ओडिशात आढळला. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यात तो दिसला, आणि सप्टेंबरात संपूर्ण महाराष्ट्र नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर करून जनावरांचे बाजार, शर्यती व प्रदर्शने यांस शासनाने मनाई केली. राज्यातील सुमारे १ कोटी ४० लाख गोवंशास शेळ्यांच्या देवीची लस मोफत टोचण्याचे काम हाती घेण्यात आले. डास, माश्या व गोचीड यांच्याद्वारे पसरणारा हा रोग बहुसंख्य जनावरांस मारीत नाही. तो ताप आणतो, अंगभर गाठी उठवितो, दूध आटवितो, क्वचित गाभ पाडतो आणि ऐन हंगामात बैलाला जुवाखालून काढतो.

आता गाईच्या अंगावर पहिली गाठ पाहणाऱ्या पशुपालकाच्या मनात शिरून पाहावे. २००९ च्या केंद्रीय अधिनियमाने रोगाची वर्दी देणे हे त्याचे कर्तव्य ठरविले आहे. पण वर्दी दिली की नुकसान त्याचे एकट्याचे व तत्काळ, आणि लाभ मात्र पंचक्रोशीतील प्रत्येक गोठ्याचा. उलट, गाठ दुसऱ्यांच्या ध्यानी येण्यापूर्वी जनावर एखाद्या हेड्याच्या हवाली केले, तर चार पैसे याच्या पदरी व रोग दुसऱ्याच्या दारी. अर्थशास्त्रातील हा पेच केवळ उपदेशाने सुटत नाही, आणि प्रत्येक गोठ्यावर शिपाई नेमणे कोणत्याही सरकारास शक्य नाही.

त्यावर तोडगा म्हणजे भरपाई. महाराष्ट्राने मृत गाईस ३० हजार, बैलास २५ हजार व वासरास १६ हजार रुपये ठरविले. चांगल्या संकरित गाईचा बाजारभाव याहून बराच अधिक असतो, हे खरे. पण त्याहून मोठी उणीव ही की, भरपाईस पात्र होण्यासाठी जनावर मरावे लागते. आटलेले दूध, पडलेला गाभ आणि बंद बाजारामुळे न विकलेला खोंड यांची नोंद पंचनाम्यात होत नाही. २०२२ साली पंढरपूरच्या कार्तिकी यात्रेतील जनावरांचा बाजार भरला नाही, तेव्हा त्या बाजारावर नजर ठेवून वर्षभर खिलार खोंड पोसणाऱ्यांनी, ज्यांच्या दावणीला रोग शिवलाही नव्हता त्यांनीही, राज्याच्या पशुधनाच्या रक्षणाचा खर्च निमूटपणे सोसला.

इतर देशांनी हा भार निरनिराळ्या रीतीने वाटला आहे. इंग्लंडने २००१ साली लाळ्या-खुरकूत आटोक्यात आणण्यासाठी साठ लाखांहून अधिक जनावरे मारली. मारलेल्या जनावरांचा बाजारभाव सरकारने चुकता केला. पण एकंदर सुमारे आठ अब्ज पौंडांच्या हानीपैकी निम्म्याहून अधिक खाजगी व्यवसायांवर पडली, आणि पायवाटा बंद झाल्याने ओस पडलेल्या खेड्यांतील खानावळवाल्यांचे फारसे कोणी पाहिले नाही. ऑस्ट्रेलियाने मात्र २००२ साली संकट येण्यापूर्वीच करार करून रोगांचे चार वर्ग पाडले. मनुष्यास मुख्यतः धोका असलेल्या रोगांचा खर्च संपूर्ण सरकारचा. लाळ्या-खुरकुतासारख्यांत सरकार ८० टक्के व पशुव्यवसाय २० टक्के. तिसऱ्या वर्गात निम्मे-निम्मे. आणि ज्यांची झळ प्रामुख्याने उत्पादकांनाच लागते त्यांत ८०-२० चे प्रमाण उलटे. ज्याचा जेवढा लाभ तेवढा त्याचा वाटा, हे या कराराचे सूत्र.

आपल्याकडे गोवंशाच्या हत्येस कायद्याने बंदी असल्यामुळे इंग्लंडचा मार्ग आपणांस खुला नाही, म्हणून लस आणि वेळेवरची वर्दी यांवरच आपली सारी मदार आहे. तेव्हा भरपाईची रक्कम ही वर्दीची किंमत समजून ठरविली पाहिजे. ती फार थोडी असेल तर रोग लपविला जाईल, वाजवीपेक्षा अधिक असेल तर गोठ्याची निगा ढिली पडेल; म्हणून कानात बिल्ला व अंगी लस असलेल्या जनावरासच ती द्यावी, पण आजारातील दुधाचा तोटाही तीत धरावा. बाजार समित्यांनी सुकाळात जनावरांच्या उलाढालीवर अल्पसा सेस घेऊन बंदीच्या काळासाठी गंगाजळी साठविली, तर खोंडवाल्याचीही तजवीज होईल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सहा महिन्यांनी येणाऱ्या शंभर रुपयांपेक्षा दुधाच्या पुढच्या पगाराआधी हाती पडणारे साठ रुपये जेऊरच्या पशुपालकास दवाखान्याची वाट अधिक लवकर धरावयास लावतील.

पुढील लेखांकात लाळ्या-खुरकूत आणि परदेशी व्यापार यांचा संबंध पाहू.