विश्लेषण : फुलसावंगीच्या वेल्डरचे हेलिकॉप्टर आणि वेल्डिंगचा इतिहास… जोड ‘पक्का’ झाला हे कसे ठरवतात?

यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्यातले फुलसावंगी हे गाव ऑगस्ट 2021 मध्ये देशभरातील मोबाइल स्क्रीनवर झळकले. गावातील 24 वर्षांच्या वेल्डरने घरीच बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना त्याचा जीव गेला होता. तेव्हा चर्चा झाली ती त्याच्या जिद्दीची. मात्र, ज्या कामावर तो पोट भरत होता, त्या वेल्डिंगबद्दल फारसे बोलले गेले नाही. कपाटाचा जोड वर्षानुवर्षे टिकतो, मग फिरत्या यंत्राच्या जोडाची वेगळी काळजी का घ्यावी लागते? जगाला हे कसे कळले? समजून घेऊया.

फुलसावंगीत काय घडले होते?

शेख इस्माईल शेख इब्राहिम हा कपाटे, कूलर बनवणारा पत्राकाम आणि वेल्डिंगचा कारागीर. शाळा आठवीतच सुटलेली. यूट्यूबवरचे व्हिडीओ पाहून त्याने सुमारे दोन वर्षांत एका माणसाचे हेलिकॉप्टर उभे केले. त्यासाठी मारुती 800 चे इंजिन वापरले. ‘मुन्ना हेलिकॉप्टर’ हे त्याचे नाव. स्वातंत्र्यदिनी ते लोकांना दाखवायचे होते. त्याच्या काही दिवस आधी, रात्री, तो स्वतः आत बसून जमिनीवरच इंजिनाची चाचणी घेत होता. मागचा छोटा पंखा तुटून वरच्या मोठ्या पंख्यावर आदळला आणि मोठ्या पंख्याचे पाते त्याला लागले. या अपघाताचा दोष वेल्डिंगवर ठेवणे हा या लेखाचा हेतू नाही. पण वर्कशॉपमधील हुन्नर आणि उडणारे यंत्र यांच्यामध्ये काय काय असते, हे या घटनेमुळे नीट कळते.

वेल्डिंग मुळात आले कुठून?

धातू जोडण्याची सर्वात जुनी रीत लोहाराची. लोखंडाचे दोन तुकडे भट्टीत पांढरे होईपर्यंत तापवायचे, त्यावर टाकणखार किंवा वाळू टाकायची आणि घणाने ठोकून एकजीव करायचे. टाकणखारामुळे लोखंडावरचा काळा थर वितळून बाहेर पडतो. बैलबंडीच्या चाकाची लोखंडी धाव याच रीतीने जोडली जात असे. दिल्लीचा लोहस्तंभही लोखंडाचे गोळे असेच ठोकून जोडत घडवला आहे. त्याचे वय सुमारे 1600 वर्षे, उंची सात मीटरहून अधिक आणि वजन सहा टनांहून जास्त. विदर्भाला तर लोखंड त्याहूनही जुने. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथील उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली असून तिचा काळ इसवी सनापूर्वी 700 च्या आसपासचा मानला जातो.

आजचे गॅस आणि आर्क वेल्डिंग कधी सुरू झाले?

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये हम्फ्री डेव्ही यांनी दोन कार्बन कांड्यांमध्ये विजेची ठिणगी सतत पेटती ठेवून दाखवली. हाच आर्क. 1880 च्या दशकात रशियाच्या निकोलाय बेनार्डोस यांनी कार्बनच्या कांडीने धातू जोडण्याचे पेटंट घेतले. 1888 मध्ये निकोलाय स्लाव्यानोव्ह यांनी कार्बनऐवजी धातूचीच कांडी वापरली. कांडी वितळून जोडात भरू लागली.

पण उघड्या कांडीचा जोड ठिसूळ होई, कारण वितळलेल्या धातूत हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शिरत असे. स्वीडनच्या ऑस्कर केलबर्ग यांनी 1900 च्या दशकात कांडीवर लेप दिला. लेप जळून त्याच्या वायूचे आवरण तयार होते आणि वर स्लॅगचा थर बसतो. आज गावातला वेल्डर हातोडीने टोकून जे कवच उडवतो, ते हेच. जोडाला हवेपासून वाचवण्याचे काम त्याने आधीच केलेले असते.

याच काळात फ्रान्समध्ये ऑक्सिजन-ॲसिटिलीनची टॉर्च आली. तिची ज्योत सुमारे 3100 अंश सेल्सिअसपर्यंत तापते, तर लोखंड 1538 अंशांना वितळते. पुढे 1940 च्या दशकात अमेरिकेत विमानांच्या मॅग्नेशियमसाठी वायूच्या आवरणातले टिग वेल्डिंग विकसित झाले. 1991 मध्ये ब्रिटनमध्ये धातू न वितळवता, घर्षणाच्या उष्णतेने ढवळून जोडण्याची पद्धत निघाली.

वेल्डरने विमान बनवल्याचे उदाहरण आहे का?

आहे. जर्मनीचा राइनहोल्ड प्लाट्झ 1912 मध्ये अँथनी फोकर यांच्या विमान कारखान्यात लागला तो वेल्डर म्हणून. इंजिनीअरिंगची पदवी नव्हती. फोकर विमानांचे सांगाडे पोलादी नळ्या वेल्ड करून बनत. पहिल्या महायुद्धातील गाजलेल्या फोकर डी-7 विमानाच्या रचनेचे श्रेय साधारणपणे त्यालाच दिले जाते. म्हणजे वेल्डरने उडण्याचे स्वप्न पाहणे हा वेडेपणा नाही. फरक होता तो भोवतालच्या व्यवस्थेचा. त्या काळात विमानाचे पंख उलटे ठेवून त्यावर वाळूच्या गोण्या रचत आणि किती भाराला ते मोडतात हे आधी पाहत. वैमानिक त्यानंतर बसे.

जोड बाहेरून चांगला दिसला तरी तुटतो का?

हा धडा जगाला महागात पडला. 16 जानेवारी 1943 रोजी अमेरिकेत पोर्टलंड येथे ‘शेनेक्टडी’ हे नवेकोरे वेल्डेड तेलवाहू जहाज धक्क्याला, शांत पाण्यात उभे असताना अचानक मधोमध दुभंगले. त्या काळातील शेकडो जहाजांना तडे गेले. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिले की, ते पोलाद थंडीत ठिसूळ होत होते. रिव्हेटच्या जहाजात तडा एका पत्र्याच्या कडेला थांबे. वेल्डिंगने सगळे जहाज एकसंध केल्यामुळे तड्यालाही सलग वाट मिळाली.

कपाट आणि पंखा यांच्या जोडात फरक काय?

कपाटाच्या जोडावर भार जवळपास स्थिर असतो. पंख्याच्या जोडावर तो प्रत्येक फेरीत कमी-जास्त होतो. मिनिटाला 500 फेरे धरले तर तासाला 30 हजार वेळा. वेल्डच्या कडेला सूक्ष्म खाच असते आणि शेजारच्या पट्टीत उष्णतेने धातूची रचना बदललेली असते. तडा बहुतेक वेळा तिथूनच सुरू होऊन केसाकेसाने वाढतो. याला धातूचा थकवा म्हणतात. जास्त ताकदीचे पोलाद वापरले म्हणून वेल्डचे आयुष्य त्या प्रमाणात वाढत नाही.

बलाचा हिशेबही पाहू. 1 किलोचा तुकडा मध्यापासून 2 मीटरवर मिनिटाला 500 फेऱ्यांनी फिरला, तर त्याला बाहेर खेचणारे बल सुमारे 560 किलो वजनाइतके असते. वेग दुप्पट केला की बल चौपट होते.

मग तपासणी कशी करतात?

सर्वात सोपी परीक्षा वाकवण्याची. त्याच पत्र्याचे, त्याच कांडीने केलेले नमुन्याचे वेल्ड शिकंज्यात धरून वाकवायचे आणि तडा जातो का ते पाहायचे. दुसरी रंगाची. लाल द्रव फवारून पुसायचा आणि वर पांढरी पावडर मारायची. तडा असेल तर लाल रेघ उमटते. आतले दोष पाहण्यासाठी एक्स-रे आणि अल्ट्रासोनिक तपासणी असते.

फिरत्या पंख्यांसाठी आणखी एक नियम पाळला जातो. हेलिकॉप्टर कंपन्या नवा पंखा आधी मनोऱ्यासारख्या चाचणी-यंत्रावर फिरवून पाहतात. चालवणारा माणूस जाड भिंतीआड असतो. जे तुटायचे ते तिथे तुटावे आणि तेव्हा जवळ कोणी नसावे, हा त्यामागचा विचार.

आज विदर्भातल्या कितीतरी वर्कशॉपमध्ये पोरे फवारणी यंत्रे, पेरणी यंत्रे, जुगाडू गाड्या बनवत आहेत. त्यांनी थांबण्याची गरज नाही. नमुन्याचा जोड आधी मोडून पाहणे वर्कशॉपमध्येही जमते. आणि पंखा पहिल्यांदा फिरेल तेव्हा इंजिनाची कळ दूर, भिंतीआड असावी आणि आतली खुर्ची रिकामी असावी.