मंगळाची हवा कुठे गेली?

बरीचशी सौर वाऱ्याने नेली. हा सौर वारा म्हणजे काय? सूर्यापासून सतत बाहेर पडणारा प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉनचा झोत. वेग साधारण सेकंदाला ४०० किलोमीटर.

मंगळ या वाऱ्यापुढे उघडा का? सौर वाऱ्याला अडवणारे मंगळाचे ग्रहव्यापी चुंबकीय क्षेत्र सुमारे ४ अब्ज वर्षांपूर्वी विझले. आज दक्षिण गोलार्धातील जुन्या खडकांत त्याचे तुकडे तेवढे शिल्लक आहेत.

हवा कशी निसटते? सूर्याच्या अतिनील किरणांमुळे वातावरणाच्या वरच्या थरातील अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतात आणि आयन तयार होतात. सौर वाऱ्यासोबत वाहत येणारे चुंबकीय क्षेत्र या आयनांना ओढून नेते. काही आयन मात्र उलट वातावरणावरच आदळतात आणि कॅरममधल्या स्ट्रायकरसारखे इतर अणूंना बाहेर उडवतात.

किती हवा जाते? ‘नासा’च्या ‘मेव्हन’ यानाच्या मोजणीनुसार सेकंदाला सुमारे १०० ग्रॅम, म्हणजे दिवसाला साडेआठ टनांहून अधिक. मार्च २०१५च्या सौर वादळात हा वेग बराच वाढला.

पुरावा काय? आरगॉन वायू कशाशीही संयोग पावत नाही, त्यामुळे तो खडकांत मुरत नाही. हलके अणू अधिक सहज निसटतात, म्हणून त्याच्या हलक्या आणि जड अणूंच्या प्रमाणावरून २०१७मध्ये निष्कर्ष निघाला: मंगळावरचा सुमारे ६५ टक्के आरगॉन अवकाशात गेला आहे.

भारताचा वाटा: ‘मेव्हन’पाठोपाठ, त्याच आठवड्यात, २४ सप्टेंबर २०१४ रोजी ‘मंगलयान’ कक्षेत पोहोचले. त्यावरील ‘मेन्का’ उपकरणाने याच विरळ बाह्य वातावरणाचा अभ्यास केला.

पण लक्षात ठेवा: शुक्रालाही स्वतःचे चुंबकीय क्षेत्र नाही, तरी त्याचे वातावरण दाट आहे. ग्रहाचे गुरुत्वाकर्षणही तितकेच मोलाचे!